अक्षरशिल्पी जावजी दादाजी

अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धी हे गाव आहे. तेथील शाळेतील विद्यार्थी मराठीचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्यातील प्रत्येक अक्षर त्याच्या परिचयाचे असते. 'अ' कसा काढावा, 'झ' कसा दिसावा, 'पाणी' या शब्दातील वेलांटी कोणती, याविषयी त्याच्या मनात संदेह उरत नाही. कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या मुलांच्या हाती असलेल्या पुस्तकांतही तीच अक्षरे आणि तीच वेलांटी असते. ही एकरूपता आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी श्रमाने निर्माण केली असेल, असा विचारही सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु छापील अक्षर आपोआप जन्माला येत नाही. कोणीतरी ते पोलादावर कोरलेले असते, कोणीतरी ते शिशात ओतलेले असते आणि कोणीतरी त्याच्या कडा घासून ते निर्दोष केलेले असते. मराठीच्या बाबतीत हे कार्य ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने केले, त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. घरची स्थिती अशी होती, की ज्या वयात मुलांनी पाटीवर अक्षरे गिरवावीत, त्या वयात जावजींना पोटासाठी काम शोधावे लागले. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार होता दरमहा दोन रुपये, आणि काम होते टाइप घासण्याचे. ज्याला शाळेत बसून अक्षरांचे शिक्षण घेता आले नाही, त्याच्या हाती दैवाने अक्षरेच दिली. मात्र ती शिशाची होती आणि उलटी होती.

जावजींनी छापखान्यात पाऊल टाकले, त्या काळी मराठी लेखनाची स्थिती आजच्यापेक्षा फार वेगळी होती. पोथ्या बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत, हाताने उतरून घेत. दरबारचे, सावकारीचे आणि घरगुती पत्रव्यवहाराचे लेखन मोडी लिपीत चाले. मोडी ही वेगाची लिपी होती. लेखणी न उचलता ओळ पुरी करणे हे तिचे वैशिष्ट्य. या वेगापुढे ऱ्हस्व आणि दीर्घ हा भेद टिकत नसे. इकार आणि उकार यांची दोन-दोन चिन्हे मोडीत सहसा वेगळी राखली जात नसत. वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखी आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नसे. पोथीतही प्रत्येक लेखकाचे वळण निराळे आणि लेखनाची तऱ्हाही निराळी. एकच शब्द दोन गावी दोन प्रकारे लिहिला, तर चूक कोणाची हे ठरविणारा कोणी नव्हता.

मराठी मुद्रणाचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले होते. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. या कोशासाठी तर त्यांनी मोडी टाइप वापरले होते. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१७ पासून मराठी पुस्तके छापण्यास प्रारंभ केला. अहमदनगर येथूनच त्यांचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली निघू लागले. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते, या समजुतीमुळे सनातनी मंडळी छापील पुस्तकास शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी शाईसाठी तूप वापरून ती अडचण दूर केली, असे सांगतात.

शिळाछाप आणि टाइपछपाई यांत मोठे अंतर आहे. शिळाछापात सुंदर हस्ताक्षराच्या लेखकाने कागदावर मजकूर लिहावा, तो दगडावर उतरवावा आणि त्याच्या प्रती काढाव्यात. तेथे लेखकाचे वळण आणि त्याच्या चुका जशाच्या तशा छापल्या जात. टाइपछपाईत मात्र प्रत्येक अक्षर सुटे असते. ही सुटी अक्षरे, म्हणजेच खिळे, लाकडी पेटीच्या खणांत मांडलेली असतात. ती एकेक उचलून ओळ रचणाऱ्या कारागिराला जुळारी म्हणत. जुळाऱ्याचा हात पेटीवर जातो, तेव्हा त्याला निश्चय करावाच लागतो. ऱ्हस्व वेलांटीचा खण एक आणि दीर्घ वेलांटीचा खण दुसरा. मोडी लिहिणारा कारकून हा भेद मोघम सोडू शके. जुळाऱ्याला ती सवलत नव्हती. अशा रीतीने शुद्धलेखनाचा प्रश्न पंडितांच्या बैठकीप्रमाणेच छापखान्यातील लाकडी पेटीपुढेही उभा राहिला.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे कुशल कारागीर टाइपांच्या कामावर देखरेख करीत. देवनागरी टाइप सुबक व्हावा म्हणून त्यांनी फार परिश्रम घेतले. त्यांच्या हाताखाली लहानगा जावजी काम शिकू लागला. टाइप तयार करण्याची कृती कष्टाची होती. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. ती कांडी पाणी देऊन कठीण करावयाची. मग तांब्याच्या तुकड्यावर तिचा ठसा उमटवून साचा बनवावयाचा. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा तप्त रस त्या साच्यात ओतला, की खिळा तयार होई. शिसे रसाला सहज वितळू देते, अँटिमनी त्याला कठीणपणा आणते आणि कथिलामुळे अक्षराच्या रेषा नीट उतरतात.

ओतलेला खिळा लगेच उपयोगी पडत नसे. त्याला शेपटासारखा निरुपयोगी धातू चिकटलेला असे आणि कडांवर बारीक कंगोरे असत. ते घासून काढण्याचे काम जावजींकडे होते. काम क्षुल्लक दिसे, परंतु त्यात हलगर्जी झाली तर परिणाम क्षुल्लक नसत. एक खिळा केसभर उंच राहिला, तर त्याचे अक्षर कागदात रुते आणि शेजारचे पुसट उमटे. केसभर रुंद राहिला, तर ओळ वाकडी होई. अधिक घासला गेला, तर तो पुन्हा वितळविण्यावाचून गती नसे. दिवसभर हजारो खिळे हातांखालून जाऊ लागले आणि मुलाचे डोळे व बोटे सूक्ष्म भेद ओळखण्यास शिकली. पुढील आयुष्यात जावजींच्या कामात जी बिनचूकपणाची ख्याती झाली, तिचा पाया या दोन रुपयांच्या नोकरीत घातला गेला.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी 'टाइम्स ऑफ इंडिया', 'इंदुप्रकाश' आणि 'ओरिएंटल' या छापखान्यांत काम केले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी धंद्याची नवी बाजू पाहिली. वृत्तपत्राच्या छापखान्यात वेग हवा असतो, पुस्तकाच्या छापखान्यात नेटकेपणा हवा असतो आणि दोहोंना चांगल्या टाइपांची गरज असते. हे ध्यानी घेऊन त्यांनी १८६४ साली, वयाच्या पंचविशीत, टाइप ओतण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला.

तो काळ मुंबईत विलक्षण धामधुमीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तेथील कापूस मिळेनासा झाला होता आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. मुंबईत पैशाचा पूर लोटला. परंतु १८६५ साली युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. अशा पडझडीच्या दिवसांत थोड्या भांडवलावर उभारलेला नवा कारखाना टिकवून धरणे सोपे नव्हते. जावजींजवळ धन नव्हते, पण दोन गोष्टी होत्या. एक, लहानपणापासून मुरलेले कसब. आणि दुसरी, राणोजी रावजी आरू यांची मैत्री.

राणोजी हे अक्षरे कोरण्यात निष्णात होते. पोलादाच्या टोकावर देवनागरी अक्षराचे वळण, त्याची जाडी-बारीकी आणि डौल उतरविणे ही त्यांची कला. देवनागरी अक्षर लेखणीच्या तिरप्या टोकातून जन्मले आहे. म्हणून त्याची एक रेषा जाड आणि दुसरी बारीक असते. हे लेखणीचे वळण धातूत आणताना अक्षर बोजड होण्याची भीती असते. राणोजींनी कोरावे आणि जावजींनी ओतून घासूनपुसून सिद्ध करावे, असा या दोघांच्या सहकार्याचा क्रम होता. या जोडीने घडविलेले टाइप पाहता पाहता नावारूपाला आले. आकार ठसठशीत, रेषा स्वच्छ आणि वाचताना डोळ्यांना सुख देणारी अशी ती अक्षरे होती. त्यांची मागणी मुंबईबाहेरील छापखान्यांतूनही येऊ लागली.

देवनागरी टाइप घडविणे हे रोमन टाइप घडविण्यापेक्षा किती बिकट आहे, हे समजल्यावाचून या दोघांच्या कामाचे मोल कळत नाही. इंग्रजीची लहान आणि मोठी मिळून बावन्न अक्षरे झाली, की मुख्य काम संपते. देवनागरीत व्यंजनांना काना, मात्रा, वेलांटी आणि उकार जोडावे लागतात. शिवाय 'क्ष', 'द्ध', 'ह्म', 'श्च' अशी जोडाक्षरे असतात. संस्कृत ग्रंथ छापावयाचा, तर तीन-तीन व्यंजनांची जोडाक्षरे लागतात. या सर्वांसाठी पेटीत कित्येक शेकडो खण ठेवावे लागत. काही टाइपकार अक्षर आणि त्याचे चिन्ह एकाच खिळ्यावर ओतीत. त्यास अखंड टाइप म्हणत. काही टाइपकार मात्रा आणि उकार यांचे लहान खिळे वेगळे करून ते अक्षराच्या वर-खाली बसवीत. त्यास डिग्री टाइप असे नाव पडले. पहिल्या रीतीत खिळ्यांची संख्या वाढे. दुसऱ्या रीतीत जुळाऱ्याचे श्रम वाढत.

मराठीच्या स्वतःच्या अशाही काही गरजा होत्या. बंगालकडील देवनागरी टाइप प्रामुख्याने संस्कृत आणि हिंदी यांच्यासाठी घडविलेले होते. मराठीत 'ळ' हे अक्षर पदोपदी येते. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. या दोन शब्दांतील 'र' निरनिराळ्या चिन्हांनी दाखविला जातो. पहिल्या चिन्हाचा खिळा पेटीत नसेल, तर जुळारी नाइलाजाने दुसरा वापरील आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होईल. म्हणजे शब्द शुद्ध लिहिण्याचे ज्ञान लेखकाजवळ असून भागत नाही. तो शुद्ध छापण्याचे साधनही छापखान्याजवळ असावे लागते. टाइप घडविणारा कारागीर भाषेची ही सूक्ष्म गरज ओळखणारा असावा लागतो.

दुसरी अडचण अनुस्वारांची होती. त्या काळच्या मराठी लेखनात उच्चारात न येणारे अनुस्वार पुष्कळ असत. व्यक्तीचे 'नांव' अनुस्वाराने लिहीत आणि पाण्यावरील 'नाव' अनुस्वारावाचून. 'तें घर', 'घरांत', 'मार्गीं' असे लेखन रूढ होते. 'मार्गीं' या शब्दातील शेवटचे अक्षर पाहिले, तर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिन्ही चिन्हे एका माथ्यावर येतात. त्यासाठी तसा खिळा तरी हवा किंवा ती चिन्हे बसविण्याची युक्ती तरी हवी. व्याकरणकारांनी एक टिंब मागावे आणि टाइपकाराने त्यासाठी अनेक खिळे ओतावेत, असा हा व्यवहार होता.

लेखन आणि मुद्रण यांचा असा संबंध जगातील इतर भाषांतही आढळतो. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली छापखाना सुरू केला. पुढे तेथे युरोप खंडातून आणलेले टाइप वापरात आले. जुन्या इंग्रजीत 'थ' या ध्वनीसाठी थॉर्न नावाचे स्वतंत्र अक्षर होते. परदेशी टाइपांत ते नव्हते. मुद्रकांनी त्याच्या जागी कधी 'वाय' हे अक्षर वापरले, तर कधी 'टी' आणि 'एच' अशी दोन अक्षरे जोडली. कालांतराने थॉर्न इंग्रजीतून नाहीसे झाले. भूत या अर्थाच्या 'घोस्ट' या इंग्रजी शब्दात उच्चारात नसलेला 'एच' शिरला, तो कॅक्स्टन यांच्या छापखान्यावरील फ्लेमिश वळणामुळे, असे मानले जाते. जर्मन भाषेत स्वरावर दोन टिंबे देतात. ती टिंबे असलेला टाइप नसेल, तेथे स्वरापुढे 'ई' हे अक्षर जोडण्याची चाल आजही मान्य आहे. त्याच भाषेत जोड 'एस' चे एक खास अक्षर आहे. त्याचे मोठ्या लिपीतील रूप अधिकृत होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. डेन्मार्कमध्ये दोन 'ए' जोडून लिहावयाचा स्वर १९४८ पासून एका 'ए' वर लहान वर्तुळ देऊन लिहू लागले. तो बदल होताच तेथील मुद्रकांनाही त्या अक्षराचे खिळे सर्वत्र ठेवावे लागले. सारांश, लेखनाचे नियम आणि खिळ्यांची पेटी यांचा परस्परांवर प्रभाव पडत असतो.

जावजींनी केवळ टाइप विकण्यात समाधान मानले नाही. आपल्या अक्षरांतून उत्तम ग्रंथ निघावेत, ही त्यांची आकांक्षा होती. १८६९ साली त्यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना स्थापन केला. हा छापखाना पुढे काळबादेवीजवळील कोलभाट गल्लीच्या नावाशी कायमचा जोडला गेला. निर्णयसागर पंचांगामुळे हे नाव महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचले. पंचांग छापणे ही मुद्रकाची कठीण कसोटी असते. त्यातील पानन् पान अंकांनी, तिथींनी आणि संक्षिप्त अक्षरांनी भरलेले असते. कथेच्या पुस्तकात एखादे अक्षर चुकले, तर वाचक ते सावरून घेतो. पंचांगात घटिकेचा एक अंक चुकला, तर मुहूर्त चुकतो आणि लोकांचा विश्वास उडतो. निर्णयसागरने तो विश्वास संपादन केला आणि टिकविला.

यानंतर जावजींनी संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणाकडे लक्ष वळविले. अनेक प्राचीन काव्ये व नाटके तोपर्यंत हस्तलिखितांच्या रूपाने ठिकठिकाणच्या संग्रहांत पडून होती. कित्येकांना कसर लागत होती. ती शोधून, तपासून, अल्प किमतीत लोकांच्या हाती द्यावीत, या हेतूने १८८६ साली 'काव्यमाला' ही ग्रंथमाला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांनी तिचे संपादन केले. विद्वानांनी पाठ शुद्ध करावा आणि मुद्रकाने तो तसाच कागदावर उतरवावा, असा तेथे संयोग झाला. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता विद्वानांत इतकी मान्य झाली, की देशातील आणि परदेशांतील अभ्यासक ते ग्रंथ विश्वासाने वापरू लागले.

शुद्ध छपाईचे श्रेय एकट्या यंत्राला मिळत नाही. जुळाऱ्याने ओळी जुळविल्या, की त्यांचा कच्चा छाप काढतात. मुद्रितशोधक तो मूळ प्रतीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहतो. चुका दुरुस्त झाल्यावर पुन्हा छाप काढतात आणि पुन्हा तपासतात. यात वेळ जातो आणि वेळ म्हणजे खर्च. ज्या मुद्रकाला लवकर पैसा मिळवावयाचा असतो, तो या पायऱ्या गाळतो. जावजींनी तो मोह धरला नाही. हे सर्व शास्त्री-पंडित संस्कृत ग्रंथांचे जाणकार होते आणि छापखान्याचा मालक लहानपणीच शाळेला मुकलेला होता. तथापि आपल्याला जे ज्ञान मिळाले नाही, ते ज्यांना मिळाले आहे त्यांचा आदर करावा आणि त्यांच्या ज्ञानाला निर्दोष रूप द्यावे, हा त्यांचा बाणा होता. विद्येविषयीचा आदर असा कृतीतून दाखविता येतो.

मराठी वाचकांसाठीही निर्णयसागरने मोलाचे काम केले. वामन दाजी ओक यांनी संपादिलेल्या 'काव्यसंग्रह' या मालेतून प्राचीन मराठी कवींच्या रचना प्रसिद्ध झाल्या. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखाली 'बालबोध' हे मुलांचे मासिक निघाले. थोरांची चरित्रे, विज्ञानातील गोष्टी आणि कविता सोप्या भाषेत मुलांपुढे ठेवणारे हे मासिक अनेक वर्षे चालले. खेडोपाडीच्या मुलांना या अंकांतून नवे ज्ञान मिळाले. त्याचबरोबर शब्द कसा लिहावा याचा एक स्थिर नमुनाही त्यांच्या डोळ्यांपुढे आला. व्याकरणाचे पुस्तक फार थोडी मुले आवडीने वाचतात. गोष्टीचे पुस्तक मात्र सर्वजण वाचतात, आणि पुन्हा पुन्हा पाहिलेले शब्दाचे रूप नकळत मनावर ठसते.

त्या काळी मराठी लेखनाला शिस्त लावण्याचे इतरही प्रयत्न चालू होते. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. मेजर कँडी यांनी शालेय पुस्तकांची भाषा आणि लेखन यांवर दीर्घकाळ देखरेख केली. विरामचिन्हांचा परिचयही त्यांनी मराठीला करून दिला. या विद्वानांनी नियम सांगितले. ते नियम घरोघरी नेण्याचे काम मात्र छापखान्यांनी केले. नियम कागदावर असतो, तोपर्यंत तो थोड्यांना ठाऊक असतो. तो खिळ्यांच्या पेटीत उतरला, म्हणजे सर्वांचा होतो.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी दादाजींचे निधन झाले. पन्नाशी ओलांडून त्यांना फार वर्षे झाली नव्हती. त्यांच्या मागे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याची परंपरा पुढे चालविली. निर्णयसागरच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर तुकाराम जावजी हे नाव पुढे कितीतरी वर्षे झळकत राहिले.

जावजींनंतरही खिळे आणि लेखन यांचा झगडा थांबला नाही. देवनागरीचे खिळे कमी करावेत, म्हणून विनायक दामोदर सावरकर यांनी 'अ' लाच सर्व स्वरचिन्हे जोडण्याची सूचना केली. 'किर्लोस्कर' मासिकाने ती पद्धत काही काळ वापरली. परंतु ती सर्वत्र रुजली नाही. उच्चारात न येणाऱ्या अनुस्वारांविषयी अनेक वर्षे वाद चालला. अखेर १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि ते अनुस्वार बहुतांशी गेले. 'नांव' आणि 'नाव' यांचे लेखन एक झाले. मुंबई वळणाचे 'अ', 'झ' आणि 'ण' पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेतही स्वीकारले गेले. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरविले. त्यात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे राखण्यात आली.

आता शिशाचे खिळे, लाकडी पेट्या आणि जुळारी हे सर्व मागे पडले आहे. अक्षरे संगणकाच्या पडद्यावर उमटतात. तरीही जुना प्रश्न नव्या रूपाने समोर येतोच. 'दऱ्या' मधील 'र' कोणत्या कळा दाबून काढावा, हे ठाऊक नसले, की आजही 'दर्या' लिहिला जातो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. कोणती वेलांटी हवी, याचा निश्चय लिहिणाऱ्याला आजही करावाच लागतो. साधन बदलले, पण लिहिणाऱ्याचे दायित्व बदललेले नाही.

जावजी दादाजींनी स्वतः मोठे ग्रंथ लिहिले नाहीत, सभा गाजविल्या नाहीत. त्यांनी एक काम हाती घेतले आणि ते उत्तम केले. दहाव्या वर्षी ज्या हातांनी खिळ्यांचे कंगोरे घासले, त्याच हातांनी पुढे एका भाषेच्या अक्षरांना रूप दिले. लहान मानलेल्या कामात सचोटी राखली, तर त्यातून केवढे मोठे कार्य उभे राहते, हे त्यांचे चरित्र सांगते. सुवाच्य आणि शुद्ध लेखन करणारा प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या या वारशाचा वाटेकरी आहे.

स्वाध्याय

१. जावजींना लहानपणी कोणते काम करावे लागले? त्या कामातून ते काय शिकले?
२. शिळाछाप आणि टाइपछपाई यांतील फरक सांगा.
३. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला जी सवलत होती, ती जुळाऱ्याला का नव्हती?
४. पंचांग छापणे ही मुद्रकाची कसोटी का मानली आहे?
५. पुढील जोड्यांतील शब्दांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : दऱ्या – दर्या, दिन – दीन, सुत – सूत.
६. आपल्या गावाजवळच्या छापखान्यास भेट द्या आणि तेथे पूर्वी खिळे कसे जुळवीत असत, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.